समुद्र डाव्या हाताला

बेटाला वळसा घालणारा रस्ता एकच. बाबांनी जन्मभर त्याच रस्त्याने सायकलवरून पाव विकला, आणि तोही समुद्र डाव्या हाताला ठेवून. आई गेल्यापासून ते घरात एकटेच होते. लेक शहरातून त्यांना न्यायला आली, तेव्हा त्यांनी अट घातली.

"एक फेरी मारू. नीट जमली तर पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमली तर मुकाट्याने येईन."

त्यांची नजर फार अधू झाल्याचं डॉक्टरांनी तिला फोनवर सांगितलं होतं. ती शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सायकलवर त्यांच्या मागे राहिली, आणि चक्रावली. धक्क्यापाशी बाबांनी खड्डा अलगद चुकवला. चढ लागण्याआधी ते खाली उतरले. वळणावर नेमकी घंटी वाजवली.

जाळं दुरुस्त करत बसलेल्या बाईने हाक मारली, "काय पाववाले, टोपली रिकामी?"

"पाव संपला. लेक तेवढी उरलीय, घेतेस?"

"नको बाई, शहरात राहून वातड झालेली दिसतेय!"

लेकीला हसू फुटलं. डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल, असं तिला वाटू लागलं.

दीपगृहाच्या पुढे लाटांनी रस्ता खचवला होता. दोरी बांधलेली होती. ती ओरडली नसती तर बाबा सरळ दोरीवर गेले असते.

"परत फिरावं लागेल, बाबा."

ते फिरले. समुद्र आता उजव्या हाताला आला. थोडं अंतर गेल्यावर बाबांचं चाक कडेच्या वाळूत रुतलं. त्यांनी पाय टेकले.

"पुढे काय आहे गं?"

"विहीर. आत्ताच तर तिच्यावरून आलो."

"विहीर," ते म्हणाले. मान मात्र भलतीकडेच वळली होती. "उलटी फेरी मी कधी मारलीच नाही."

तिला आता कळलं. बाबा रस्ता बघत नव्हतेच. पाठ असलेला पाढा म्हणावा तसा ते रस्ता म्हणत होते, आणि पाढा उलटा म्हणायची कुणाला सवय असते?

"तुम्ही पडला नाहीत, बाबा," ती म्हणाली. आवाज तिलाच खोटा वाटला.

"माझी सायकल तू घे, तुझी मला दे. घंटी वाजवत पुढे हो."

ती सावकाश निघाली. ज्या घंटीसाठी लोक दारात कान देऊन बसत, तिच्यामागून आता बाबा येत होते. जाळ्यावरच्या बाईने मान वर केली, हातातली सुई थांबवली, पण थट्टा केली नाही.

घरी पोचल्यावर बाबांनी चाचपडत भिंत शोधली आणि टेकून उभे राहिले.

"तुझ्या घरून निघालं की समुद्र कुठल्या हाताला?"

"तिथे समुद्र नाही, बाबा."

त्यांनी हात पुढे करून आपल्या सायकलचं हँडल चाचपलं.

"मग सायकल इथेच राहू दे," ते म्हणाले. "घंटी तेवढी काढून घे."