मेणातला तुकडा

आंधळगावच्या मारोतरावांची उभी हयात कोसा रेशीम विणण्यात गेली. रानातून आलेले कोष उकळत्या पाण्यावर चाळणीत ठेवायचे, म्हणजे वाफेनं आतला किडा मरतो आणि कोष फोडून बाहेर पडत नाही. वाळल्यावर कोष कानाशी हलवायचा. खडखडला की किडा नक्की मेला. या कामात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

पण बायकोच्या दुखण्यापुढे त्यांची मती गुंग झाली होती. कुंताबाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ निघाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला, तर रक्त थांबता थांबेना. शुद्धीवर येताच कुंताबाईनं बजावलं, "मरून जाईन, पण पुन्हा कापू देनार नाही."

आज डॉक्टरीणबाईंनी तोच तुकडा मेणाच्या वडीत बसवून, डबीत घालून मारोतरावांच्या हाती दिला.

"उद्या नागपूरच्या लॅबमध्ये पोचवा. यातल्या पेशींमध्ये ठरावीक प्रोटीन सापडतात का, ते रंग देऊन बघतील. रोग जागच्या जागी आहे की झपाट्यानं वाढतोय, ते त्यावरून कळेल. मग ऑपरेशन कोणतं करायचं ते ठरवू. आणि जपा बरं, दुसरा तुकडा नाही आपल्याकडे."

दुपारी घरी येऊन त्यांनी अंगणात चुलीवर कोषांची चाळणी चढवली. कुंताबाई आत पडून होती. मारोतरावांनी डबी उघडली. पांढऱ्या मेणात तो एवढासा दाणा, कोषातल्या किड्यासारखा दडून बसलेला. यानंच सोन्यासारख्या बाईला पोखरायला घेतलं! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा तुकडा वेगळा आणि पोटातला रोग वेगळा, हे शेंबडं पोरही सांगेल. मारोतरावांनाही कळत होतं. पण पंधरा दिवस नुसतं हातावर हात धरून बसलेल्या त्या माणसाला किडा मारण्याचं हे एकच काम येत होतं. त्यांनी वडी चाळणीवर ठेवली.

"मर," ते दातओठ खात म्हणाले. "मर एकदाचा."

भानावर आले तोवर मेण वितळून दाण्यासकट खाली गळलं होतं. त्यांनी चाळणी भिरकावली आणि उकळत्या पाण्यात हात घातला. बोटं भाजली, तरी ते चाचपत राहिले. मेणाचा तवंग आणि कोषांचा गाळ, बाकी काही हाती लागेना.

"काय शोधून राहिले जी?" कुंताबाई भिंतीला धरून दारात आली होती.

त्यांच्यानं खोटं बोलवेना. "तुया तुकडा... वाफेवर ठेवला मी."

आता ही ऊर बडवून घेणार, असं त्यांना वाटलं. पण ती जवळ आली, त्यांच्या लाल झालेल्या हाताकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मंग? मेला का तो?"

चाळीस वर्षं हा प्रश्न त्यांनी प्रत्येक कोषाला विचारला होता. ती त्यांच्या तोंडाकडे अशा आशेनं बघत होती की त्यांना राहवलं नाही.

"मेला," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुंताबाई हसली. "मंग आता पुन्हा कापाचं काम नाही. थांबा, हाताले खोबऱ्याचं तेल आणतो." भिंतीचा आधार न घेता ती आत निघाली.

"कुंता," मारोतरावांनी हाक मारली. दुसरा तुकडा काढायला उद्याच भंडाऱ्याची बस धरावी लागेल, हे आत्ताच सांगायला हवं होतं.

ती वळली. अजून हसतच होती.