दीड सूत

आप्पांना हलणारी वस्तू सहन होत नसे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. कुणाकडे पाहुणा म्हणून गेले तरी आधी खुर्ची हलवून बघायचे आणि मगच टेकायचे. टेबल जरा डुगडुगलं की यांचा जीव वर-खाली. खिशात कायम दोन-चार पाचरी असायच्या. चहा येईपर्यंत टेबलाचा पाय पक्का करून हे मोकळे. गल्लीत त्यांना ‘पाचर’ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

तर या आप्पांची बोटं सत्तरीनंतर आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. ज्यानं हयातभर हलतं ते पक्कं केलं, त्यालाच हा सल्ला! रबरी चेंडू दाबून दाबून चार दिवसांत आप्पांना वीट आला. पाचव्या दिवशी त्यांची नजर कपाटाच्या माथ्यावर गेली. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेलं लेकीचं मँडोलिन पडून होतं. बत्तीस वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता.

त्यांनी स्टूल घेतलं (आधी हलवून बघितलं, हे सांगायला नकोच) आणि गाठोडं खाली काढलं. आठही तारा गंजलेल्या. बाकी ठीक दिसत होतं. नव्या तारा टाकू, रोज तासभर टुणटुण करू, बोटांना व्यायाम आणि फुकटची करमणूक, असा साधा हिशेब होता. लेकीला विचारावं असं एकदा मनात आलं. पण या वस्तूचा विषय निघाला की ती लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची, म्हणून राहिलं.

वाद्यांच्या दुकानात मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल होतं. कानशी मापाप्रमाणे ओळीत लावलेल्या, टेबल जराही हलत नव्हतं. आप्पांना जागा पसंत पडली. दुरुस्ती करणाऱ्या बाई पस्तिशीच्या, चष्मा डोक्यावर आणि पेन्सिल कानावर. पेन्सिल बघून तर आप्पांना आपल्याच बिरादरीतलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

“नुसत्या तारा बदलायच्या आहेत,” आप्पा म्हणाले.

बाईंनी चष्मा खाली ओढला, वाद्य उजेडात फिरवलं आणि थांबल्या. “काका, ही घोडी कुणी चिकटवली?”

घोडी म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा.

“मी!” आप्पांची छाती फुगली. “घेतलं त्याच आठवड्यात तार तुटली आणि ही बया निसटली. असा सरस भरलाय आणि असा शिकंजा आवळलाय, की आता हातोडीनंसुद्धा निघणार नाही.”

बाई हसल्या नाहीत. तिथेच आप्पांना काहीतरी खटकलं.

“काका, घोडी चिकटवत नाहीत. तारांच्या दाबानं ती नुसती उभी असते. तारा चढवल्या की तिला थोडं पुढे-मागे सरकवून जागेवर आणायचं. जागा चुकली तर मोकळी तार बरोबर वाजते, पण बोट ठेवून वरवर गेलात की सूर चढत जातो.”

“चढत जातो,” आप्पा म्हणाले. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते.

“तुम्ही मापाचे दिसता, तुम्हीच बघा.” बाईंनी पट्टी पुढे केली. “दांडीच्या वरच्या टोकापासून या बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे या बाराव्या आडव्या धातुपट्टीपर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच, किंचित जास्तच, तिथून घोडीपर्यंत हवं.”

आप्पांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग बाईंची पट्टी बाजूला ठेवून खिशातला स्वतःचा टेप काढून मोजलं. घोडी दीड सूत पुढे होती. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे सूत. दीड सूत म्हणजे अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. पण दीड सुतानं दार बसत नाही, खण ओढला जात नाही. एका सुतासाठी आप्पांनी पगारी माणसांच्या अंगावर फळ्या फेकल्या होत्या. आणि हे दीड सूत त्यांनी स्वतःच्या हातानं, शिकंजा आवळून, पक्कं केलं होतं.



लेक तेव्हा बारा वर्षांची होती. शिकवणारे मास्तर महिनाभरातच बदली होऊन गेले, त्यामुळे पोर पुस्तक पुढ्यात घेऊन एकटीच बसायची. तारा उंच होत्या, बोटांना चिरा पडायच्या, तरी सोडायची नाही. एक दिवस म्हणाली, “आप्पा, वर गेलं की चढतं हो.” आप्पांनी घोडी हलवून बघितली. तसूभर हलली नाही. “वाद्य चढत नाही, तुझा कान उतरलाय,” ते म्हणाले. तिनं दोन दिवसांनी पुन्हा सांगितलं, आणि परत एकदा सांगितलं. मग घरी पाहुणे आले होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाळ, काहीतरी वाजव की. त्यावर आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “नको रे बाबा! आमच्या पोरीच्या कानात गाठ आहे, लाकडात असते तशी. कितीही रंधा मारा, जात नाही.” सगळे पोट धरून हसले. पोरही हसली. त्याच आठवड्यात तिनं मँडोलिन चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, आप्पा, हे वर ठेवून द्या. आप्पांनी ठेवलं. मनात म्हणाले, बरं झालं, नाद सुटला.

काय म्हणावं अशा माणसाला? आणि वाईट नव्हता हो. जीव होता त्याचा पोरीवर.

“घोडी काढता येईल?” आप्पांनी विचारलं.

“काढली तर तिच्याखालची लाकडी पाटी सोलून निघेल. शिवाय दांडी वाकलीय. यावर खर्च करण्यापेक्षा शिकणाऱ्यासाठी एखादं साधं नवीन घ्या. शिकणार कोण, तुम्ही?”

‘मी’ म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, “माझी लेक.”

“बजेट?”

“पेन्शन नसलेल्या माणसाचं असतं तेवढं.”

बाईंनी तीन मँडोलिनं टेबलावर ठेवली. एक काळंभोर, चकचकीत, टोकाशी नक्षीचा वेलबुट्टा वळवलेलं. “हे बघायला छान. पण यात पैसे नक्षीचे जातात, आवाजाचे नाही.” दुसरं आप्पांनी बोटानं ठोकलं आणि परत ठेवलं. “प्लायवूड.” बाईंनी मान डोलावली. तिसरं साधं, तपकिरी, पेरूच्या फोडीसारखं. वरची पाटी सलग लाकडाची. आप्पांनी एक डोळा मिटून, फळी बघतात तशी, दांडी बघितली. सरळ होती. पडद्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, कुठे खरचटलं नाही. खुंट्या फिरवल्या, अडखळल्या नाहीत.

“हेच,” ते म्हणाले.

मग तासभर ते त्या टेबलापाशी उभे राहिले. बाईंनी घोडीखालच्या दोन बारीक चाकांनी तिची उंची कमी केली, वरच्या टोकाच्या खाचा कानशीनं जराशा खोल केल्या, अंगानं हलक्या तारा एकेक करून चढवल्या. “तारा बदलताना सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, नाहीतर घोडी पडते.” घोडी सरकवून, ऐकून, परत सरकवून तिच्या दोन्ही पायांशी पेन्सिलीची पुसट खूण केली. आप्पांनी आपल्या आखडलेल्या बोटानं तार दाबून बघितली. लोण्यासारखी दबली. बारा वर्षांच्या त्या बोटांवरच्या चिरा त्यांना आठवल्या आणि त्यांनी पटकन हात मागे घेतला.

“नव्या तारा दोन दिवस ताणल्या जातात,” बाई म्हणाल्या. “घरी जाईपर्यंत सूर उतरेल. घाबरू नका, हे लावा.” आणि त्यांनी टोकाला चिमट्यासारखं बसणारं, सूर दाखवणारं छोटं यंत्र दिलं. “काटा मधोमध आला की झालं.”

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची. चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरवर मोजायची. आज सुट्टी म्हणून ओट्याशी पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती.

“आप्पा, हे काय नवीन खूळ?” मागे वळून ती हसली आणि पिशवीतून काय निघालं ते दिसल्यावर हसू जागच्या जागी थांबलं. ती पुन्हा कांद्याकडे वळली. “डॉक्टरांनी सांगितलं वाटतं बोटांसाठी. छान.”

 आप्पांनी रस्ताभर जुळवलेली वाक्यं दारातच गळून पडली. त्यांनी आपला चिमटा लावला आणि एक तार छेडली.

“खाली आहे,” ओट्याकडून आवाज आला.

आप्पांनी यंत्राकडे बघितलं. काटा डावीकडे, म्हणजे खाली. त्यांनी खुंटी पिळली.

“आता जास्त झालं.”

काटा उजवीकडे होता. आप्पांनी चिमटा काढून चक्क खिशात टाकला आणि दुसरी जोडी छेडली.

“त्यातली एकच तार उतरलीय. जोडी आहे ना, दोघी एकसारख्या हव्यात.” सुरीची टकटक चालूच होती. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

आप्पांनी खिशातून यंत्र काढून लपून बघितलं. खरंच एकच तार उतरली होती. आता मात्र त्यांना राहवेना.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझं ते जुनं. घोडी मी चिकटवली होती ना, ती दीड सूत पुढे बसली होती. आज मोजली. तीनदा मोजली. वर गेलं की ते खरंच चढत होतं. तू बरोबर होतीस. तुझ्या कानात काही नव्हतं गं, माझ्याच डोक्यात गाठ होती.”

टकटक थांबली. तिनं सुरी खाली ठेवली.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” पाठमोरीच ती म्हणाली.

“हो.”

“तीनदा.”

“तीनदाच.”

तिनं हात धुतले, पुसले आणि समोर येऊन बसली. डोळे लाल होते, पण कांद्याचं निमित्त दोघांनाही पुरत होतं. “आप्पा, तुम्हाला माहीत आहे? शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे. अजूनही कुणाच्या वाढदिवसाला सगळे गातात ना, तेव्हा मी टाळ्या वाजवते आणि ओठ हलवते. माझं बाळ पाळण्यात होतं तेव्हा त्याला गोष्टी सांगायचे. बोलून. तुम्ही त्यावरूनही चिडवलं होतंत, अंगाईऐवजी भाषण देते म्हणून.”

आप्पांना ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

“हे तुझ्यासाठी आणलंय,” ते म्हणाले. “तारा अगदी खाली आहेत. बोटं कापत नाहीत.”

तिनं मँडोलिन हातात घेतलं, घोडीपाशी बोट नेलं, पेन्सिलीची खूण बघितली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. “माझा पोरगा शिकून नोकरीलाही लागला, आप्पा. आता कुणासाठी?”

“तुझ्यासाठी म्हणतोय ना. बरं, वाजवू नकोस.” आप्पांनी एक तार छेडली. “हा एवढा सूर म्हणून दाखव. मला ऐकायचाय. एकदाच.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ताठ बसली, श्वास घेतला, तोंड उघडलं. ओठ हलले. तार वाजून वाजून विरून गेली, तरी आवाज काही आला नाही.

“नाही जमत,” ती म्हणाली. “राहू दे. पुढची जोडी लावा.”

आप्पांनी यंत्र काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि आखडलेल्या बोटांनी खुंटी धरली.

“खाली आहे,” लेक म्हणाली.

आप्पांनी पिळली.

“अजून.”

आप्पांनी पिळली.

“थांबा. आता बरोबर आहे.”

“हो,” आप्पा म्हणाले, “तू म्हणतेस म्हणजे बरोबर आहे.” आणि पुढची खुंटी दिसेना म्हणून त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.