नातवाच्या डोक्यावरचा हात

"भंडारा उचलत न्हाईस? बरं. तुमी आता बौद्ध झालासा. मग ह्या पोराच्या डोस्क्यावर हात ठिवून सांग आक्के, मत बैलजोडीलाच."

हिंदुराव अंगणात उभे होते. बसा म्हटलं असतं तरी त्या वस्तीत ते बसले नसते. उंब्रजजवळच्या या वाडीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे, आणि बासष्टच्या निवडणुकीत सकाळपासून घरोघर खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी पुढं करून, शपथ घालून ते काँग्रेसच्या बैलजोडीची मतं पक्की करत होते. आक्काताईकडं वाटी चालायची नाही, हे ओळखून दुसरी युक्ती त्यांनी येतानाच शोधली होती. माणूस मोठा बेरकी!

"आवं मालक, सिद्धू हत्तीचा परचार करतूय. पोटच्या पोराच्या इरुद्ध मी कसं..."

"तुझी सून अडली तवा गाडी कुणी जुपली? वड्याला पाणी असताना कराड कुणी गाठलं? आज ह्यो गौतम खेळतूय, त्यो कुणामुळं?"

यात खोटं काही नव्हतं. तेव्हा बाकीच्या गावानं दारं लावून घेतली होती. खाल्ल्या मिठाला जागावं, एवढंच आक्काताई जन्मभर शिकली होती. तिनं गौतमच्या डोक्यावर हात ठेवला.

दीक्षा घेतल्यावर घरातले देवांचे टाक तिनं स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडले होते. तेव्हा ती क्षणभरही कचरली नव्हती. पुढं सिद्धूनं भिंतीवर कोळशानं रिपब्लिकनचा हत्ती काढून तिला दाखवला, तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता. मताच्या दिवशीही शिक्का हत्तीकडंच निघाला. पण तळव्याला नातवाचं ते ऊबदार डोकं पुन्हा जाणवलं. शपथ मोडली आणि पोराला काही झालं तर? देव गेले होते, भीती कुठं गेली होती! शिक्का बैलांवर उमटला.

हत्ती पडला. पडणारच होता, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण सगळ्या वस्तीनं बुद्धाच्या तसबिरीसमोर एकमतानं ठरवलेलं असताना गावच्या पेटीत हत्तीला एक मत कमी निघालं. मग काय, संशय धुळावर. हिंदुरावांची गुरं राखणारा वस्तीतला तोच एकटा. वस्तीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

"आये, त्या फितुराला पानी सुदीक देऊ नगंस," सिद्धू म्हणाला.

पाण्यावाचून आपण काय काय सोसलं, हे आक्काताईला आठवलं.

तिसऱ्या प्रहरी धुळा दारात आला. डोळे लाल झालेले.

"आक्का, माज्या पोराच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगतू, म्या हत्तीलाच दिलं. तू तरी खरं मान!"

"मला ठावं हाय रं," ती पुटपुटली आणि आतून तांब्या भरून आणला.

तेवढ्यात सिद्धू आला. तांब्या पाहून थबकला.

"सिद्धू, त्येनं न्हाई..."

"तुजं काळीज लय मऊ हाय आये, म्हणून तुला कुणीबी फशिवतं," सिद्धू म्हणाला आणि धुळाकडं वळला. "माज्या आयेकडनं शीक जरा. त्या हिंदुरावाची गाडी घिऊनबी तिनं इमान इकलं न्हाई."

धुळा पाणी न पिताच निघून गेला. आक्काताई भरला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. गौतम धावत येऊन तिच्या कमरेला बिलगला. त्याला कुरवाळायला तिनं हात उचलला, आणि डोक्यापर्यंत नेऊन तसाच मागं घेतला.