धुकेश्वराच्या घरी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या ताईला त्या रविवारी दुपारी भावाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून एक शहर वाचवायचं होतं, आणि ते कसं वाचवतात हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं.

भावाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केलेली. पण त्याच्या मित्रमंडळींचा खेळ आधीच ठरला होता. प्रत्येकानं एकेक सुपरहिरो व्हायचं, फासे टाकायचे आणि सूत्रधार जे संकट सांगेल त्यातून वाट काढायची. सूत्रधार नेहमी भाऊच. त्यानं पाटीवर लिहून बहिणीला गळ घातली : 'सगळं पुस्तिकेत आहे. तू फक्त वाच.' पुस्तिका छापील, गुळगुळीत कागदाची. मुखपृष्ठावर इमारतींच्या वर हात पसरलेला एक धुक्याचा माणूस.

मंडळी तीनच होती. ज्याला सगळे लंबू म्हणत तो इलेक्ट्रिशियन, कोपऱ्यावरचा केमिस्ट आणि बँकेतल्या कॅशियरबाई. लंबू उडणारा होता, केमिस्टच्या बोटांतून वीज निघायची आणि कॅशियरबाईंचं अंग दगडाचं होतं.

"मी पुलावर उडत गेलोय," लंबूनं सुरुवातीलाच सांगितलं.

ताईनं टेबलाखाली त्याच्या पायांकडे पाहिलं. "मग ही बिस्किटं कोण खातंय?"

"तो मी."

"आणि पुलावर?"

"तोही मीच."

तिनं विचारायचं सोडून दिलं आणि वाचायला घेतलं. पानावर काही मजकूर करड्या चौकटीत होता, बाकीचा मोकळा. चौकटीतलं तेवढंच मोठ्यानं वाचायचं, हे भाऊ सांगायचा विसरला होता. तिला वाटलं, चौकटीत टाकलंय म्हणजे ते आपल्यापुरतं असणार. म्हणून तिनं मोकळा मजकूर वाचला. "शहरावर धुकं पसरवणारा धुकेश्वर म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून, सुपरहिरोंना मदतीला बोलावणारे प्रोफेसरच होत."

भावानं चमच्यानं टेबलावर ठकठक केलं. ऐकू येत नसेल, असं समजून तिनं आवाज चढवला. "ही गोष्ट खेळाडूंना शेवटपर्यंत कळू देऊ नये."

भावानं कपाळ तळहातात धरलं.

"माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं.

"नाही हो ताई," कॅशियरबाई म्हणाल्या. "आता कळलंच आहे तर सरळ त्यांच्या घरीच जाऊ."

ताईनं पानं उलटली. पूल होता, वीजकेंद्र होतं, शेवटी लढाईसाठी घंटाघर होतं. प्रोफेसरांचं घर कुठेच नव्हतं. तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं : 'तूच ठरव.'

"बेल वाजवली," केमिस्ट म्हणाला. "दार कोण उघडतं?"

"तेच. प्रोफेसर."

"काय म्हणतात?"

तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. आदल्या आठवड्यात दुकानात एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले होते, त्यांचं बोलणं तिच्या तोंडून आपसूक निघालं. "कडेकडेचं दिसतं मला. मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. दारात कोण आलंय, तेवढं सांगा."

लंबूनं हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.

"म्हणून धुकं केलंत?" केमिस्टनं विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. आणि तो तिच्याशी बोलतोय की प्रोफेसरांशी, हे तिला समजेना.

"कुणालाच दिसलं नाही, तर मी एकटा पडणार नाही," ती म्हणाली. बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हे शिक्षक म्हणाले नव्हते, पुस्तिकेतही नव्हतं. मग हे आलं कुठून?

"मी नाही यांच्यावर हात उचलणार," कॅशियरबाई म्हणाल्या.

"पण मारामारीशिवाय संपणार कसं?" लंबू कुरकुरला. "मी उडतो कशाला मग?"

"यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ," कॅशियरबाई म्हणाल्या. "तू उडत ने."

प्रोफेसर येतील की नाही, हे फाशांवर ठरवायचं होतं. केमिस्टनं फासे टाकले.

"हे चांगलं की वाईट?" ताईनं विचारलं. सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. त्यानं आधी हात हलवून 'मधलंच' अशी खूण केली, मग थोडा विचार करून अंगठा वर केला.

"येतात," ती म्हणाली. "लंबू, त्यांचा हात नीट धर."

"धरलाय," लंबू म्हणाला. त्याचा रिकामा हात टेबलावर मिटलेला होता.

"धुकं विरलं का?" तिनं विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं असतं, ताई."

ती गोंधळून खिडकीकडे बघू लागली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. "थोडं विरलं," ती म्हणाली.

मंडळी गेल्यावर भावानं पुस्तिका हातात घेतली, न वाचलेल्या पानांची जाडी चिमटीत धरून तिला दाखवली.

"रागावलास का रे?"

त्यानं काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं : 'माहीत नाही.' मग पुस्तिका तिच्या पिशवीत घातली.

बसस्टॉपवर बसून तिनं शेवटचं पान उघडलं. घंटाघरावर लढाई होते, धुकेश्वर हरतो, पोलीस त्याला बेड्या घालून नेतात, शहर टाळ्या वाजवतं. तिनं ते पुन्हा वाचलं. छापलेलं होतं म्हणजे खरं तेच असणार. पण प्रोफेसर तर आत्ताच लंबूचा हात धरून गेले होते, डॉक्टरांच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसले असतील. मग बेड्या घातल्या त्या कुणाला?

बस आली. दाराशी उभं राहून तिनं कंडक्टरला विचारलं, "ही कुठे जाते?" रोज दुकानातून ती याच बसनं घरी जात असे.