चार नंबरने गिळलेला निरोप

उन्हाळाभर बर्फाचा कारखाना एकदाही थांबला नाही, तर मुकादमाला मॅनेजरची खुर्ची मिळणार होती. पाठ टेकता येणारी, गोल फिरणारी. त्यासाठी त्याला फक्त आमची तोंडं बंद करायची होती.

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे, नऊ नंबरचा. साबणाच्या डबीएवढा माझा देह. बर्फ गोठवायला अमोनिया वायू लागतो. तो गळला की हुंगायचा आणि शेजारच्या सेन्सरला निरोप द्यायचा, हे माझं काम. शेजारी तो पुढच्याला देतो, पुढचा कचेरीत पोहोचवतो. वायर नाही, सगळं हवेतून. मग भोंगा वाजतो, यंत्र थांबतं, माणसं बाहेर पळतात.

आम्ही एकतीस भावंडं. पण मला बसवणाऱ्या इंजिनिअर ताईंनी मला एक जादा खोड लावली होती. दिलेला निरोप शेजाऱ्याने खरंच पुढे पाठवला का, हे कान लावून ऐकायचं. त्यात माझी बॅटरी लवकर संपे. नव्या सेन्सरांना ही खोड नव्हती.

"हा म्हातारा भलता संशयी," मुकादम म्हणे, "सुनेच्या मागे सासू लागावी तसा!"

मला ती शाबासकीच वाटे.

चार नंबरजवळचा व्हॉल्व्ह जरा जरा गळे आणि आठवड्यातून दोनदा भोंगा वाजे. व्हॉल्व्ह बदलायचा तर कारखाना दोन दिवस बंद. त्यापेक्षा मुकादमाने मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मेहुण्याला आणलं. त्याने चार नंबरचं झाकण उघडलं आणि हसतच सुटला.

"दाजी, पासवर्ड आतच लिहून ठेवलाय की! तोही एकतीस जणांना एकच. कुलूप लावलं नि किल्ली खिळ्याला टांगली!"

त्या पासवर्डाने त्याने चार नंबरला नवा धडा पढवला. तेव्हापासून चार नंबर सगळ्यांना सांगू लागला, "कचेरीचा जवळचा रस्ता माझ्याकडूनच जातो." त्याला पासवर्ड येत होता, म्हणजे तो आपलाच, असं आम्ही धरून चाललो. साधे निरोप तो इमानाने पोहोचवी. वायूचे तेवढे गिळी आणि "सर्व ठीक" कळवी.

एका दुपारी तो व्हॉल्व्ह फुटला. टाकीघरात, ज्याला सगळे पैलवान म्हणत तो दांडगा हमाल आणि आणखी तिघे बर्फाच्या लाद्या ओढत होते. वास माझ्यापर्यंत आला. मी चार नंबरला निरोप दिला आणि कान लावला. त्याने पाठवलं, "सर्व ठीक." पुन्हा दिला, पुन्हा तेच. मग मी त्याचा नाद सोडला आणि लांबच्या रस्त्याने, जिन्यावरच्या मरतुकड्या दोन नंबरला हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला त्याने ओ दिली आणि भोंगा वाजला!

"बंद करा तो!" मुकादम कचेरीत ओरडला. "तीस जण ठीक म्हणतायत, हा एकटाच बोंबलतोय!"

"आधी माणसं बाहेर काढा," त्या दिवशी तपासणीला आलेल्या ताई म्हणाल्या, "मतं मग मोजू."

चौघेही आपल्या पायांनी चालत बाहेर आले. मित्रांनो, माझ्या आयुष्याची कमाई विचाराल तर हे चौघे. म्हणून सांगतो, कटकट करणाऱ्याचं तोंड दाबण्याआधी तो कशापायी कटकट करतोय, ते एकदा बघा.

चौकशी झाली. मुकादमाची खुर्ची गेली, गळ्यातली शिट्टीही गेली. चार नंबर भंगारात गेला, त्या बिचाऱ्याला तर विचारलंही नव्हतं. एकच पासवर्ड ताईंनीच मंजूर केला होता, म्हणून अहवालात त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं आणि मग आम्हा प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. माझी एक बॅटरी गेली. पैलवान सगळ्यांना पुढे काढून शेवटी निघाला, त्याचा घसा भाजला. कारखानाभर घुमणारी त्याची हाक आता दारापर्यंतही पोहोचत नाही. आणि या साऱ्या उलाढालीत त्याला तर काहीच मिळणार नव्हतं.