सतरा नंबर

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याची दुपारपाळी असायची, पण दिवस मात्र पहाटेच सुरू व्हायचा. अंधारात सायकल काढायची, टेकडीचा चढ घाम निघेपर्यंत घ्यायचा, घरी येऊन दोन घास पोटात ढकलायचे आणि उरलेल्या वेळात शर्यतीची कामं उरकायची. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिकावाल्याच्या मिनतवाऱ्या, चौकाचौकात झेंडा घेऊन उभी राहणारी माणसं. पंपघरात पोचला की मोटारींच्या घरघरीत मान डुलायला लागायची. बायको म्हणायची, तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय ते एकदाचं सांगा, म्हणजे मी त्या बेतानं राहीन. तो नुसता हसायचा.

शर्यत त्याच्या सायकल मंडळाची, हौशी लोकांची. ती भरवायची तर स्वतः भाग घेता येत नाही. दरवर्षी तो शेवटची गाडी चालवायचा. सगळ्यात मागच्या स्पर्धकाच्या मागे ती हळूहळू यायची आणि ती पोचली की रस्ता वाहनांना खुला व्हायचा. यंदा मात्र त्यानं ठरवलं, गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील न देतील, एकदा आपणही उतरू. गाडीची किल्ली त्यानं मेव्हण्याच्या हातात दिली.

मंडळात एक शिंपी होता. स्पर्धकांच्या पाठीवरचे कापडी नंबर तोच शिवायचा, आणि सतरा नंबर दरवर्षी स्वतःसाठी ठेवायचा. स्वभावानं लाघवी, पायांनी कच्चा. निम्म्या वाटेवर, टेकडीच्या अलीकडे, एक गल्ली त्याच्या घराकडे जायची. तिथे आला की तो मान खाली घालून वळायचा. शर्यत सोडणाऱ्यानं आपला नंबर जवळच्या झेंडेवाल्याकडे द्यायचा असा नियम होता, पण शिंप्याला लाज वाटायची. तो पाठीवर नंबर तसाच घेऊन दुकानात जाऊन बसायचा आणि शर्यत संपायच्या सुमाराला घरी जायचा. दमलोय, पण पोचलो, असं बायकोला सांगायचा. हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोसमोर मात्र कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांची त्याच्यावर तेवढी माया होती म्हणा ना. थट्टा व्हायची ती मंडळात. घराचा वास आला की याची सायकल आपोआप वळते, टांग्याच्या घोड्यासारखी, असं कुणीतरी आदल्या संध्याकाळीही म्हणालं होतं. शिंपी सगळ्यांबरोबर हसला होता.

शर्यत झाली. गाडी मेव्हण्यावर सोपवलेला तो स्वतः मधल्या घोळक्यात पोचला आणि लहान मुलासारखा खूश झाला. पाय थरथरत होते, कुणीतरी पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी केली. तेवढ्यात शेवटची गाडी आली. मेव्हणा उतरला आणि म्हणाला, "दाजी, एक नंबर कमी आहे. सतरा. मला वाटेत कुठं दिसला नाही."

"गल्लीत वळला असेल."

"वळताना कुणी बघितलं नाही पण."

दरवर्षी बघायला तोच असायचा, मागच्या गाडीत. यंदा तो पुढे होता. त्यानं शिंप्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शर्यतीच्या दिवशी शिंपी फोन घेत नसे, हेही नेहमीचंच. घरी लावू का, असं मेव्हण्यानं विचारलं. तो म्हणाला, नको. वहिनींना काय विचारणार, तुमचा नवरा पळून आलाय का? इतक्या वर्षांचं झाकलेलं आपण उघडं करायचं?

पोलीस हवालदार घड्याळ दाखवत होता. पंपघरातला सकाळचा माणूस, हा आल्याशिवाय जागचा हलू शकत नव्हता. मेव्हणा अजून घुटमळत होता.

"खुला कर रस्ता," तो म्हणाला.

शिंपी त्या दिवशी गल्लीत वळला नव्हता. गल्ली मागे टाकून तो टेकडी चढला, आणि पलीकडच्या उतारावरच्या वळणाला त्याची सायकल खडीवरून घसरली. मागच्या स्पर्धकाला दिसू नये इतका तो झुडपांत खाली गेला होता. रस्ता खुला झाल्यावर कितीतरी गाड्या वरून गेल्या. शेवटी एक ट्रकवाला आडोशाला थांबला तेव्हा त्याला चाक दिसलं.

फोन आला तेव्हा तो पंपघरात होता. मोटारी सोडून जाता येईना. बदली माणूस येईपर्यंत तो पाण्याच्या पातळीचा काटा बघत उभा राहिला. काटा सावकाश वर सरकत होता. त्यानं देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण ओठावर सतरा हा आकडाच येत राहिला.

इस्पितळात पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. रक्त आतल्या आत साचत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर, एवढंच बोलून ते थांबले.

शिंप्याची बायको भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. रडून झालं होतं, डोळे कोरडे होते. त्याला बघून तिनं जागा करून दिली, पण तो बसला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "दरवर्षी ते शेवटपर्यंत यायचे. उशिरा का होईना, पोचायचे. तुम्ही सगळे थांबायचात ना त्यांच्यासाठी? मग यंदाच कसं कुणाच्या ध्यानात आलं नाही की हा माणूस अजून आला नाही?"

मेव्हण्यानं तोंड उघडलं. "वहिनी, खरं म्हणजे ते दरवर्षी..."

त्यानं मेव्हण्याचा दंड धरला. घट्ट धरला, मेव्हणा कळवळेपर्यंत.

"पोचायचे," तो म्हणाला. "दरवर्षी पोचायचे. आम्ही थांबायचो. यंदा मी थांबलो नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आणखी काही येईल, एखादं कारण, असं तिला वाटलं असावं. त्यानं काही दिलं नाही. मग ती उठली, समोरच्या बाकावर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली.

"दाजी, चला," मेव्हणा हळूच म्हणाला.

तो हलला नाही. तिचा भाऊ तिला न्यायला येईपर्यंत तिथेच उभा राहिला. भावानं आत येताच हा कोण म्हणून तिला विचारलं. तिनं मागे वळून न बघता सांगितलं, शर्यत भरवणारा.