फीमाफीचे पंच

घरात काय आहे ते सांगताना छबूबाई कधी मागं हटली नव्हती. आहे त्याच्या चौपट सांगायचं आणि समोरचा मान डोलावेपर्यंत त्याच्याकडं रोखून बघत राहायचं. नवरा गेल्यावर खर्ड्याजवळच्या वाडीतली बारा एकर कोरडवाहू जमीन आणि दोन पोरं तिनं याच जोरावर सांभाळली होती. कुणाची टाप नव्हती तिला बिचारी म्हणायची.

चैत्रात धाकट्या गोरक्षची सोयरीक ठरली तीही अशीच. मुलीचा बाप सहादेव चार कोसांवरून घर बघायला येणार म्हणून तिनं ओसरीवर तीन कणग्या मांडल्या. खाली सगळा भुसा आणि वर वीतभर ज्वारी. बैठकीला वाडीतली पन्नास माणसं होती, तलाठी शामकांत भाऊसाहेबही लोडाला टेकून बसले होते.

"औंदा ऐंशी पोती झाली," छबूबाई म्हणाली. "हिरीचं पानी तर बारमाही."

सहादेवनं उठून एका कणगीत कोपरापर्यंत हात घातला, काढला, झटकला.

"भरलीया," तो म्हणाला. सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर धरलं.

जूनमध्ये थोरल्या मच्छिंद्रची लेक मनकर्णा मॅट्रिक पास झाली. वाडीतली पहिली पोरगी. नगरच्या कॉलेजात नावही लागलं. मास्तरांनी सांगितलं, राज्याचे रहिवासी असलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांची कॉलेजची फी सरकार भरतं, त्याला ई.बी.सी. म्हणतात. तलाठ्याचा दाखला, त्यावर मामलेदारांचा शिक्का, आणि शनिवारपर्यंत अर्ज कॉलेजात. नाहीतर फी घरातून भरायची, आणि घरात तेवढं नव्हतं.

छबूबाई त्याच दिवशी चावडीवर गेली. पायरीवरच म्हणाली, "भाऊसाहेब, नातीचा दाखला लिहा. अठरा पोती घाला."

शामकांत भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ऐंशी ना?"

"कुठली ऐंशी?"

"चैत्रातली."

"ती पाव्हण्यापुरती हुती."

"पन्नास माणसांपुरती होती, छबूबाई. बारमाही विहीरसुद्धा. आता मी अठरा लिहिली आणि कुणी वर अर्ज केला, तर माझी नोकरी जाईल. वाडीबाहेरचे दोन पंच आणा, तुमची खरी परिस्थिती माहीत असलेले. मामलेदार कचेरीत जबाब देऊ देत, तुम्ही कुठले रहिवासी नि तुमचं पिकतं किती. शुक्रवारी मी तिथंच असतो, मग डोळे मिटून दाखला लिहितो."

"डोळं उघडं ठेवूनच लिहा. अक्षर आधीच वाईट हाय तुमचं," असं म्हणून ती उतरली.

एक पंच डोळ्यांसमोर होता. जामखेडच्या आडतीवरचा मापाडी बन्सी. तिची ज्वारी दरसाल तोच मोजायचा, त्याच्यापुढं चौपट चालत नव्हतं. दुसरा कोण? ज्याला विचारावं त्याच्या तोंडून बाजाराच्या दिवशी सहादेवच्या कानावर जाणार. सोयरीक मोडली तर गोरक्षला पुन्हा कोण मुलगी देणार?

शुक्रवारी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मनकर्णाला घेऊन जामखेडची गाडी धरली. दुसरा पंच तिथं कुणीतरी सापडेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बन्सीला आडतीवरून उठवून कचेरीत आणलं. व्हरांड्यात पाय ठेवला आणि समोरच्या बाकावर सहादेव बसलेला. फेटा बांधून, हातातला कागद गुडघ्याखाली दाबून.

मनकर्णानं आजीचा पदर ओढला. "आज्जे, चल माघारी. मी न्हाई शिकत. काकाचं लगीन ऱ्हाऊ दे नीट."

छबूबाईनं नातीकडं बघितलं. पोरगी खरंच परत फिरायला तयार होती. ते बघून तिला सहादेवपेक्षा तिचाच राग आला.

"माघारी? तुझ्या बापानं येष्टीचं भाडं काय माघारी जायाला दिलंय?"

ती सरळ बाकापाशी गेली आणि सहादेवसमोर उभी राहिली.

"राम राम, पाव्हनं. ऐंशी पोती न्हवती. अठरा हुती. ह्यो बन्सी, ह्येनं मोजल्यात. हिरीला माघापातुर पानी असतं, पुढं म्हसरं टँकीवर न्यावी लागत्यात. नातीच्या फीमाफीला एक पंच कमी पडतोय. सोयरीक मोडायची असली तर मोडा, पर आधी पंच म्हनून जबाब द्या. मग काय भांडायचं ते भांडू."

बन्सी छताकडं बघायला लागला. सहादेवनं फेटा मागं सारला.

"ईहिनबाई," तो म्हणाला, "कोपरापातुर हात घातला हुता मी. बोटाला भुसा लागला."

छबूबाईचं तोंड उघडं राहिलं. असं पहिल्यांदाच झालं.

"मंग भरलीया का म्हनला?"

"काय करू? तुमी आमच्याकडं आला तवा माझ्या दावनीला सहा बैलं बघितली. त्यातली चार शेजाऱ्याची."

"तरीच," छबूबाई म्हणाली. "चार बैलं माझ्याच पोराकडं रागानं बघत हुती. मला वाटलं हुंड्याचा इषय निघाला म्हनून."

सहादेव हसला आणि गुडघ्याखालचा कागद काढला. तोच अर्ज होता. त्याच्या पोराचा, भीमाचा, कॉलेजात जायचं म्हणून. त्यालाही एक पंच कमी पडत होता, आणि तो सकाळपासून ओळखीचं कुणी येऊ नये म्हणून फेटा पुढं ओढून बसला होता.

कारकुनानं आधी छबूबाईच्या घराचा जबाब घेतला, मग सहादेवच्या. तिला पंच म्हणून पुढं बोलावलं तेव्हा त्यानं विचारलं, "यांची परिस्थिती तुम्हाला कशी माहीत?"

"आमची हुनारी सून ह्येंची लेक हाय. पाच पिढ्या हितंच नांदत्यात. आन् घरी बैलं दोनच. मी सवता बघितली."

तिनं अंगठा दिला नाही. टाक घेऊन एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं, शाई सांडली तरी थांबली नाही. जबाब बघून भाऊसाहेबांनी तिथंच दाखला लिहिला आणि चार वाजता दोन्ही अर्जांवर शिक्के बसले. दुसऱ्या दिवशी ते एकाच पाकिटातून नगरला पोचवायचे, असं तिनं सहादेवला न विचारताच ठरवलं.

परतीच्या गाडीत मनकर्णा खिडकीपाशी कागद छातीशी धरून बसली होती.

"कुनी इचारलं तर सांगायचं," छबूबाई म्हणाली, "पोरगी लई हुशार, म्हनून मामलेदारानं सवता बोलावून माफी दिली. खुर्ची दिली बसायला. च्या पाजला."

"आज्जे, भाऊसाहेबांनी ऐकलं म्हंजी?"

"ऐकू दे की. आता शिक्का बसलाय."